तुमचा नंबर राहतो कुठे?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या बाई थोरल्या भावाबरोबर लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीची छोटी फर्म चालवतात. ऑफिसात पाच जण, बाहेर फिरणारे नऊ मेकॅनिक. दोन वर्षांपूर्वी बाईंच्याच आग्रहावरून तांब्याच्या तारेवरची जुनी लँडलाइन काढून फायबरवर चालणारी फोन सेवा घेतली. नंबर जुनाच ठेवला. कॉल वाटून देणारी पेटी, म्हणजे पीबीएक्स, ऑफिसातच आहे आणि ‘ऑफिसात कोणी उचललं नाही तर कॉल मोबाइलवर जावा’ अशी सोयही त्याच पेटीत केलेली होती. गेल्या महिन्यात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि साडेतीन तास ऑफिसचा नंबर मुका झाला. नेमकी त्याच वेळी एका इमारतीत दोन माणसं लिफ्टमध्ये अडकली. रखवालदाराने सात वेळा फोन लावला. रिंग जात होती, पण कोणी उचलत नव्हतं, असं तो सांगतो. पाऊण तासाने दुसऱ्याच कामासाठी तिकडे गेलेल्या मेकॅनिकने त्यांना बाहेर काढलं. इजा कोणाला झाली नाही, पण कंत्राट डळमळलंय. भाऊ म्हणतात, परत लँडलाइन घे. बाईंना वाटतं, आहे त्याच कंपनीकडून आणखी एक फायबर लाइन घ्यावी. त्या लिहितात, “दादाचं ऐकलं तर दोन वर्षांपूर्वीची चूक कबूल केल्यासारखं होईल, नाही ऐकलं तर पुढच्या वेळी जबाबदार मीच. काय करू?”

*

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासाठी, दुसऱ्यांदा त्या पेटीसाठी. पंचवीसेक वर्षं ऑफिसांचे फोन लावण्यात आणि बंद पडलेले चालू करण्यात गेली, त्यामुळे ही खोड जात नाही.

आधी तुमच्या एका वाक्याबद्दल बोलतो. “त्या दिवशी आमचा फोन बंद पडला,” असं तुम्ही म्हणता. खरंच पडला का? वीज होती, टेबलावरचे फोन उजेड दाखवत होते, पेटी चालू होती. ऑफिसातल्या पाच आणि बाहेरच्या नऊ जणांच्या खिशात धडधाकट मोबाइल होते. चौदा माणसं, चौदा चालू फोन, आणि रखवालदाराला त्यातला एकही लागला नाही. तुटली ती तुमच्या नंबरापासून तुमच्या माणसांपर्यंतची वाट. असं मांडलं की दुसरी फायबर की जुनी लँडलाइन हा तुमचा आणि दादांचा वाद थोडा बाजूला सरकतो. दोघंही वाट मजबूत करायला निघालात. मी विचारतोय की वाट तुटल्यावर नंबराने काय करायचं, हे कोणी ठरवलं होतं का?

तुम्ही म्हणाल, ठरवलं होतं की! पेटीत फॉरवर्डिंग लावलं होतं. इथेच खरी मेख आहे. पेटी ऑफिसात, आणि ऑफिसात येणारी लाइन तुटलेली. कॉल पेटीपर्यंत पोचलाच नाही, तर पेटी तो पुढे पाठवणार कुठून? किल्ली पेटीत ठेवून पेटीलाच कुलूप घातल्यातला प्रकार. कमीपणा वाटून घेऊ नका, दहातल्या सात-आठ ऑफिसांत मला हेच सापडतं. पेटी बसवून देणारा टेक्निशियन फॉरवर्डिंग दाखवतो, समोर करून दाखवतो, सगळे माना डोलावतात. दाखवताना लाइन चालू असते ना!

आता रखवालदाराच्या बोलण्याकडे या. रिंग जात होती असं तो म्हणतो आणि तुमच्या ऑफिसातल्यांना ते खोटं वाटतं. मला वाटत नाही. जुन्या काळी नंबर म्हणजे एक्सचेंजपासून तुमच्या भिंतीपर्यंत आलेली तारांची जोडी. तार तुटली की नंबर मेला, इतकं सरळ. आता तुमचा नंबर सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर राहतो. तुमची पेटी ठरावीक वेळाने त्या सर्व्हरला हजेरी लावते: मी अमुक, सध्या इंटरनेटवर या पत्त्यावर आहे. याला रजिस्ट्रेशन म्हणतात. हजेरीची मुदत पुष्कळ ठिकाणी तासाभराची असते. लाइन हजेरीनंतर पाचच मिनिटांनी तुटली तर पुढची पंचावन्न मिनिटं सर्व्हरच्या वहीत तुम्ही हजरच असता. तो कॉल त्या पत्त्यावर धाडत राहतो, उत्तर आलं नाही तर पुन्हा धाडतो. एसआयपी नावाच्या ज्या पद्धतीवर हे सगळं चालतं, तिच्या मूळ नियमांप्रमाणे हा खटाटोप ३२ सेकंद चालू शकतो. तेवढा वेळ फोन करणाऱ्याला शांतता ऐकवण्याऐवजी बरेच सर्व्हर स्वतःच रिंग वाजवून ऐकवतात. म्हणजे रिंग खरोखर वाजत होती, फक्त तुमच्याकडे वाजत नव्हती. त्या रखवालदाराला एकदा फोन करून सांगा की तुझं बरोबर होतं. कंत्राट टिकवायलाही त्याचा उपयोग होईल, पण तो हिशेब सोडून सांगा.

आता दादा. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. जुन्या लँडलाइनला एक्सचेंजमधून तारेवरूनच साधारण ४८ व्होल्ट वीज मिळायची, एक्सचेंजच्या तळाला बॅटऱ्यांची रांग असायची. घरात, ऑफिसात अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन यायचा. त्या भरवशाची सवय झालेल्या माणसाला आजचा फोन नाजूक वाटणारच, कारण तो नाजूक आहेच. त्याला ऑप्टिकल बॉक्स हवा (ऑफिसात फायबर येऊन संपते तो डबा), राउटर हवा, स्विच हवा (सगळ्या फोनच्या वायरी जिथे जोडतात तो डबा), पेटी हवी आणि या सगळ्यांना वीज हवी. यातलं एक आजारी पडलं तरी घर आडवं.

तरी दादांना दोन गोष्टी विचारा. एक, आज ‘लँडलाइन’ म्हणून जे विकतात ते खरोखर तांब्याच्या तारेवर येतं का? बऱ्याच जागी त्याच ऑप्टिकल बॉक्सच्या मागच्या छोट्या भोकात फोनची वायर खोचून देतात आणि बिलावर लँडलाइन लिहितात. दिसायला जुनी, आतून नवी. लाइन तुटली की दोन्ही एकदम जाणार. शिवाय तांब्याची जाळी हळूहळू गुंडाळली जात आहेत. ब्रिटनने तर जुनं जाळं जानेवारी २०२७ पर्यंत पूर्ण बंद करायचं ठरवलंय. दोन, तार खरी तांब्याची मिळाली असं धरू. ती जमिनीखालून ज्या रस्त्याने येते तोच रस्ता त्या दिवशी खणला जात होता ना? जेसीबीला तांबं आणि फायबरची काच यातला फरक कळत नाही.

एवढं सगळं जुळून खरी वेगळी तांब्याची लाइन मिळालीच, तर जरूर घ्या. पण तिचा नंबर निराळा असेल, आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला तो माहीत नसेल. तेव्हा पुन्हा त्याच जागी आलो: पहिला नंबर आपणहून तिकडे वळला पाहिजे.

तुमची दुसऱ्या फायबरची कल्पनाही मला अर्धीच पटते, आणि ‘त्याच कंपनीकडून’ हे शब्द तर अजिबात नाहीत. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स या कंपनीचं मोबाइल आणि इंटरनेट दोन्ही एकाच सकाळी बसलं. एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहक अडकले, दुकानांतली कार्डं चालेनात, कित्येकांना आपत्कालीन नंबरही लागेना. जमिनीखाली काही तुटलेलं नव्हतं. एक सेटिंग बदलताना चूक झाली, गाभ्यातल्या राउटरांवर न झेपणारा मारा झाला, आणि मोबाइल व घरची लाइन दोन्ही त्याच गाभ्यावर उभ्या होत्या. यातला मला कायम आठवणारा भाग म्हणजे कंपनीची स्वतःची माणसंही कंपनीच्याच फोनवर होती. बिघाड शोधणाऱ्यांना पहिले काही तास एकमेकांशी धड बोलताच येईना. शेवटी दूरच्या ठिकाणी दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं पाठवावी लागली. पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर २०२३ ला, ऑस्ट्रेलियात ऑप्टसचं जाळं असंच बसलं, तिथेही कोटीभर ग्राहक होते. अशा दिवशी एकाच कंपनीच्या दोन लाइनी म्हणजे एकाच दोरीला मारलेल्या दोन गाठी.

कंपनी वेगळी घेतली म्हणजे वाट वेगळी झाली असंही धरू नका. दोन कंपन्यांच्या केबली एकाच चरातून, एकाच खांबावरून, तुमच्या जिन्यातल्या एकाच पाइपातून वर येतात, असं सर्रास असतं. कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला विचारलंत तर तो ‘पूर्ण स्वतंत्र मार्ग’ म्हणेल. त्याऐवजी लाइन ओढायला येणाऱ्या माणसाबरोबर खाली उतरा आणि त्याला बोटाने दाखवायला सांगा: कुठून येते, कुठे वळते, आत कुठून शिरते. पंधरा मिनिटांचं काम आहे. म्हणूनच छोट्या ऑफिसाला मी दुसरी लाइन बहुधा हवेतली सुचवतो, म्हणजे सिमवर चालणारा फोरजी किंवा फाइव्हजी राउटर, आणि तोही वेगळ्या कंपनीचा. हवेत जेसीबी पोचत नाही. टॉवरच्याही अडचणी असतात: त्याच्या बॅटऱ्या काही तासच टिकतात आणि मोठ्या बिघाडात सगळा गाव एकदम मोबाइलवर येऊन गर्दी करतो. पण तुमच्यासारख्या केबल तुटण्याच्या प्रसंगाला हा उपाय पुरेसा आहे.

तरीही दुसरी लाइन हे नंतरचं काम. पहिलं काम बहुधा फुकटात होईल, आणि ते या आठवड्यातच करा.

सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करा आणि विचारा, “आमची पेटी तुमच्या सर्व्हरला दिसेनाशी झाली तर येणारे कॉल तुम्ही कुठे पाठवता?” नेमकं हेच वाक्य वापरा. ‘कॉल फॉरवर्डिंग आहे का’ असं विचारलं तर ‘आहे’ एवढंच उत्तर मिळेल आणि तुम्ही पुन्हा पेटीतल्याच फॉरवर्डिंगवर येऊन थांबाल. तुम्हाला हवी ती सोय त्यांच्या सर्व्हरवर असते आणि पुष्कळ कंपन्या ती देतात. फक्त ती आपण मागावी लागते. मिळत नसेल, तर पीबीएक्सच ऑफिसातून उचलून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या कंपनीच्या सर्व्हरवर, न्यायचा विचार करा. मग लाइन तुटली तरी ‘नमस्कार, अमुक फर्म’ हे स्वागत वाजतं, कॉल रांगेत उभा राहतो आणि मेकॅनिकच्या मोबाइलवरच्या अॅपमध्ये एक्स्टेंशनसारखा वाजतो. ऑफिस आहे की नाही हे फोन करणाऱ्याला कळतही नाही. क्लाउडही कधीतरी पडतो, म्हणून त्यांचे सर्व्हर एकाच ठिकाणी आहेत की दोन, हेही विचारून ठेवा.

कॉल वळवायचा म्हटल्यावर कोणाकडे, हा प्रश्न येतो, आणि इथे लोक घाई करतात. मालकाचा मोबाइल देऊन मोकळे होतात. एका मोबाइलवर एका वेळी एकच जण बोलतो, दुसऱ्याला बिझी मिळतं. मालक विमानात असतो. किंवा त्याचा मोबाइल बंद असतो आणि त्याची खासगी व्हॉइसमेल ‘मी सध्या उपलब्ध नाही’ म्हणत कॉल गिळून टाकते. सर्व्हरच्या दृष्टीने कॉल उचलला गेला, काम झालं. म्हणून निदान तीन माणसं द्या. पहिल्याने वीस सेकंदांत उचललं नाही तर दुसरा, मग तिसरा. आणि ‘कॉल घेण्यासाठी एक दाबा’ ही सोय मिळत असेल तर हटकून मागा. व्हॉइसमेलला एक दाबता येत नाही. वळवलेल्या कॉलवर फोन करणाऱ्याचा नंबर दिसतो की आपल्याच ऑफिसचा, हेही पाहा. ऑफिसचाच दिसत असेल तर कट झालेला कॉल परत कोणाला लावणार?

तुमच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मी ऑफिसच्या फोनपासून पूर्ण वेगळी काढायला सांगेन: अडकलेल्या माणसाचा कॉल. बिल विचारणारा ग्राहक तासाभराने फोन करेल. लिफ्टमधल्या माणसाकडे तो तास नाही. केबिनमध्ये बटण दाबल्यावर आपोआप नंबर फिरवणारं यंत्र असेल तर त्यात सहसा एकाहून जास्त नंबर भरता येतात. दुसरा नंबर वेगळ्या कंपनीच्या मोबाइलचा भरा, जो तुमच्या पेटीतून, तुमच्या फायबरवरून, तुमच्या ऑफिसातून अजिबात जात नाही. तो मोबाइल पाळीवर असलेल्या मेकॅनिककडे फिरता ठेवा. रखवालदारांकडे आणि केबिनमधल्या पाटीवरही दोन्ही नंबर. लिफ्टमधल्या आपत्कालीन संपर्कासाठी युरोपात जे मानक आहे, ईएन ८१-२८, त्यात हे यंत्र निदान दर तीन दिवसांनी आपणहून चाचणी कॉल करेल अशी अट आहे. तीन दिवस! आपण ऑफिसचा राखीव फोन तीन वर्षांत तपासत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. एका ऑफिसात मी मोठ्या तोऱ्यात दुसरी लाइन म्हणून सिमचा राउटर बसवला होता. फायबर गेली की दहा सेकंदांत सिमवर उडी, असं करूनही दाखवलं. दीड वर्षाने फायबर गेली. राउटरने उडी मारली, पण खाली पाणी नव्हतं. सिमचं रिचार्ज सात महिन्यांपूर्वीच संपलेलं. ते ज्याच्याकडे होतं तो माणूस नोकरी सोडून गेला होता, आणि रिचार्जची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर इमानेइतबारे येत होती. चूक त्याची नव्हती, माझी होती. राखीव लाइन कधीच वापरली जात नसल्याने ती मेल्याचं कोणाला कळणार नाही, हे मला सुचायला हवं होतं. तेव्हापासून मी राखीव सिमवरून रोज थोडी रहदारी मुद्दाम जाऊ देतो आणि ती थांबली की निरोप येईल अशी व्यवस्था करतो.

असेच आणखी काही खड्डे आहेत. ते तुमच्या टेक्निशियनला दाखवा. तो ‘हो हो’ म्हणाला तरी तपासून घ्या.

राउटर फायबर गेल्याचं ओळखतो कसं? पुष्कळ राउटर फक्त ऑप्टिकल बॉक्सपर्यंतचा जोड पाहतात. केबल दोन गल्ल्यांपलीकडे तुटली तर ऑफिसातला दिवा हिरवाच राहतो आणि राउटर निवांत बसतो. तपासणी इंटरनेटवरच्या बाहेरच्या, दूरच्या एक-दोन पत्त्यांवर लावायला सांगा. फायबर परत आली की लगेच उलटी उडी नको, पाच-दहा मिनिटं ती स्थिर राहू द्या. नाहीतर जोडणी करणारा तिकडे वायर हलवत असेपर्यंत तुमचा फोन इकडून तिकडे टोलवला जाईल.

वाट बदलली की तुमचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो. चालू असलेला कॉल त्या क्षणी बहुधा तुटणारच, त्यावर डोकं खपवू नका. पण पुढचा कॉल यायला हवा, आणि तो येण्यासाठी पेटीने नव्या पत्त्यावरून पुन्हा हजेरी लावली पाहिजे. तासाभराची मुदत दोन-तीन मिनिटांवर आणा. काही कंपन्या हजेरीऐवजी ठरलेल्या पत्त्यावरूनच ग्राहक ओळखतात. सिमवरून गेलात की तुम्ही त्यांच्यासाठी परके. मोबाइल जाळ्यात एका बाहेरच्या पत्त्यामागे शेकडो ग्राहक असतात, तेव्हा तो पत्ता आधी कळवूनही ठेवता येत नाही. त्यामुळे हजेरीवर चालणारी जोडणीच मागा. राउटरमध्ये ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय असेल तर ती बंद करा. मदत करते असं तिचं म्हणणं असतं, प्रत्यक्षात आवाज एकाच बाजूने येण्याच्या निम्म्या तक्रारी तिच्याच असतात.

वेगाची चिंता मात्र करू नका. आवाज पाठवायच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीने एका कॉलला प्रत्येक दिशेला सेकंदाला साधारण ८० ते ९० किलोबिट लागतात. सहा जण एकदम बोलले तरी अर्ध्या मेगाबिटच्या आसपास. सिम सहज पेलतं, पण त्याच वेळी कॅमेऱ्यांचं चित्रण आणि संगणकांचा बॅकअपही त्याच सिमवरून वर चढू लागला तर आवाज तुटक होणार. राखीव लाइनवर फोन सोडून बाकी सगळ्याला दार बंद.

आणि वीज. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही, कारण त्या दिवशी ती होती. पुढच्या वेळी ती नसेल. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असते. कागदावर ८४ वॅट-तास, हातात पडतात साधारण निम्मे. ऑप्टिकल बॉक्स, राउटर, पेटी, स्विच आणि त्यावरून वीज घेणारे पाच फोन मिळून ४०-५० वॅट खाल्ले तर तासभर मिळेल. संगणक त्यावर नको. लेझर प्रिंटर तर मुळीच नको, तो गरम होताना एवढी ओढ घेतो की यूपीएस मान टाकतो. त्यातली बॅटरी तीन ते पाच वर्षांत म्हातारी होते आणि म्हातारी झाल्याचं सांगत नाही. तुम्हाला प्रश्न पडेल की साडेतीन तासांसाठी केवढा यूपीएस घ्यावा. उत्तर असं की नंबर ऑफिसाबाहेर वळणार असेल तर तासभर पुरे, तेवढ्यात हाताशी असलेले कॉल आटपतात.

कागदाचा एक तुकडाही लागेल. त्यावर कंपनीच्या तक्रार विभागाचा नंबर, तुमचा ग्राहक क्रमांक आणि फॉरवर्डिंग बदलायच्या पोर्टलचं लॉगिन लिहा. कागदावरच, कारण ही माहिती ज्या सामायिक फोल्डरमध्ये असते त्याला इंटरनेट लागतं. पोर्टलचा ओटीपी कुठे येतो तेही पाहा. एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात तो आवाजी कॉलने यायचा, दवाखान्याच्याच बंद पडलेल्या नंबरावर.

तुमच्यासारखंच पत्र लिहिणाऱ्या, पण एकट्याने धंदा करणाऱ्या वाचकांना यातलं निम्मं लागणार नाही. मोबाइलच तुमचा ऑफिसचा नंबर असेल, तर ‘संपर्काबाहेर असताना’ कॉल दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवर वळवून ठेवा. जीएसएम जाळ्यांवर त्याचा कोड ६२ आहे, ‘उत्तर नसताना’चा ६१, ‘बिझी’चा ६७. फसवणुकीमुळे काही ठिकाणी हे कोड बंद ठेवलेले असतात, तिथे फोनच्या सेटिंगमधून किंवा कंपनीकडून करून घ्या. आणि कोणी अनोळखी माणसाने फोनवर ‘चांदणी (*) दाबून अमुक नंबर फिरवा’ म्हटलं तर फिरवू नका. तुमचे कॉल आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे वळतील.

राहता राहिला तुमच्या मनातला प्रश्न, चूक कबूल करण्याचा. फायबरवर जाणं ही तुमची चूक नव्हती. एक काम राहून गेलं आणि ते दोघांचंही राहिलं: फायबरवर गेल्यानंतर कोणी वायर काढून पाहिली नाही. दादांना तांब्याची तार हवी आहे असं मला वाटत नाही. त्यांना अंधारातही येणारा तो डायल टोन हवा आहे. तेव्हा वाद घालण्याऐवजी त्यांनाच कामाला लावा.

एखादी निवांत दुपार बघा. रखवालदारांना दुसरा नंबर आधी देऊन ठेवा. तुम्ही खाली रस्त्यावर जा, हातात स्वतःचा मोबाइल, वेगळ्या कंपनीचा, वायफाय बंद. दादा वर ऑप्टिकल बॉक्ससमोर. तुम्ही ‘हं’ म्हणालात की त्यांनी फायबरची वायर हळूच काढायची. वाकवायची नाही, ती काचेची असते, आणि टोकाला बोट लावायचं नाही. घड्याळ लावा आणि ऑफिसचा नंबर फिरवा. काय ऐकू येतं ते सेकंदांसकट लिहा: शांतता, रिंग, स्वागत, कोणाचा तरी आवाज. एका मिनिटाने पुन्हा, पाच मिनिटांनी पुन्हा. वर दादा फोनच्या पडद्यावर काय दिसतं ते पाहतील, राउटरचा कोणता दिवा कधी बदलला ते लिहितील. मग वायर परत लावा आणि दुसऱ्या फेरीत यूपीएसची भिंतीतली पिन काढा. पहिल्या दिवशी काहीतरी फसेल, जवळजवळ नेहमी फसतं. दुरुस्त करा आणि पुन्हा काढा. त्यानंतर दर तीन महिन्यांनी. जमलं तर एकदा त्या इमारतीच्या व्यवस्थापनातल्या कोणाला बोलवा, आणि खाली रस्त्यावर उभं राहून ऑफिसचा नंबर त्यालाच फिरवू द्या. वायर मात्र दादाच काढतील.